आल्तार कोणी कोरला?

म्हार्दोळहून पणजीला जाणारी बस बाणस्तारीचा पूल ओलांडून पुढे आली की थोड्या वेळाने जुन्या गोव्याची चर्चं दिसू लागतात. कॉलेजची पाच वर्षं मी या बसने गेले आणि आले. खिडकीतून ती चर्चं रोज बघितली, पण एकदाही उतरले नाही. कोणी अडवलं होतं असं नाही. घरात तसा रिवाजच नव्हता, एवढंच.

आमची कुलदेवता महालसा. तिचं मूळ ठाणं साष्टीतलं वेर्णा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली, तेव्हा लोकांनी देवीला नदीपलीकडे अंत्रुज महालात आणलं. तिथे तेव्हा पोर्तुगिजांची सत्ता नव्हती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, ते याच धामधुमीत. ही हकिकत आई अशी सांगते की जणू पालखीला खांदा तिनेच दिला होता. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. जुन्या गोव्याचा विषय निघाला की तिचं एकच वाक्य असतं, "थंय कित्याक वता?" तिथे कशाला जायचं? या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे आम्हाला लहानपणीच कळलं होतं.

मी पहिल्यांदा आत गेले ती तिशी उलटल्यावर, ऑफिसच्या पाहुण्यांना घेऊन. नंतर मात्र एकटीच जाऊ लागले. गेल्या दिवाळीत बडोद्याहून भाची आली. ती तिथे शिल्पकला शिकते. तिला समुद्रकिनारा नको होता, चर्चच्या आतलं लाकूडकाम बघायचं होतं. आम्ही आईला "पणजीला जाऊन येतो" असं सांगितलं. खोटं नव्हतं ते, संध्याकाळी पणजीला गेलोच.

सुरुवात बॉम जीझसपासून केली. बासिलिकेचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये तिचं पवित्रीकरण झालं. दर्शनी भागातला काळा दगड वसईहून आणलेला, बाकीच्या भिंती आपल्या जांभ्याच्या. आज त्या उघड्या, तांबूस दिसतात, पण मुळात त्यांच्यावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला गेला. आपल्याला वाटतं इमारत आधीपासून अशीच होती, आणि जांभा बिचारा तेव्हापासून पावसाळे सोसतो आहे. असो, आपल्याला आत जायचं आहे.

दारातून आत पाऊल टाकलं की समोर, खूप लांबवर, सोन्याची भिंत उभी दिसते. वेदीमागची ही कोरीव चौकट जमिनीपासून जवळपास छतापर्यंत गेलेली आहे. लाकूड कोरून त्यावर सोन्याचा वर्ख चढवलेला, पीळ घातलेले खांब, त्यांच्यावर वेली, मधूनमधून पंखवाले बाळदूत. गोव्याकडे हिला आल्तार म्हणतात. नवरात्रात देवीसाठी सजवलेलं मखर ज्याने बघितलं असेल, त्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. मखर दिवस भरले की उतरवतात, हे शतकानुशतकं तसंच आहे.

भाचीची पहिली शंका रास्त होती. देवळात मुख्य मूर्ती मध्यभागी आणि ठसठशीत. इथे चर्च बाळ येशूच्या नावाचं, पण बाळाची मूर्ती खाली, लहानशी, आणि तिच्यावर तीनेक मीटर उंचीचा भलताच पुरुष हात पसरून उभा. असं का? तो पुरुष म्हणजे इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचा संस्थापक, आणि हे चर्च त्या संघाचं. पण मोठेपणाचा हिशोब तिथे संपत नाही. इग्नेशियस आपल्याकडे बघत नाही. त्याची मान वर आहे. तो बघतो आहे एका सोनेरी सूर्याकडे, ज्याच्या मध्यभागी येशूच्या नावाची तीन अक्षरं आहेत. त्या सूर्याच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. म्हणजे खालच्या बाळापासून नजर उचलायची, इग्नेशियसच्या नजरेला धरून वर जायचं आणि शेवटी छताशी पोचायचं. बघणाऱ्याची मान कशी वळेल याचा विचार करून हे रचलेलं आहे. भाची म्हणाली, "शिडीच आहे ही." मला इतक्या वर्षांत हा शब्द सुचला नव्हता.

चर्चमधल्या मूर्ती पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळे संत सारखेच वाटतात. दाढी, झगा, वर लागलेले डोळे. इथे आपलं घरचं ज्ञान कामाला येतं. आपण विष्णू कसा ओळखतो? शंख-चक्र बघून. गणपती पाश-अंकुशावरून, महिषासुरमर्दिनी त्रिशूळ आणि रेड्यावरून. संतांचंही तसंच आहे. हातात किल्ल्या असतील तर तो पीटर. कडेवर बाळ येशू घेतलेला तरुण साधू म्हणजे अँथनी. अंगात बाण रुतलेला सेबास्टियन. लोखंडी जाळी घेतलेला लॉरेन्स, कारण त्याला तिच्यावर भाजून मारलं. खिळ्यांचं चाक आणि तलवार असेल तर कॅथरीन. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांना तर वाहनंच असावीत तशी चिन्हं आहेत: मॅथ्यूपाशी देवदूत, मार्कचा सिंह, लूकचा बैल, जॉनचा गरुड. एवढं पाठ केलं तर कुठल्याही जुन्या चर्चमध्ये निम्मी ओळख दारातच होते. मुलांना न्याल तेव्हा त्यांना हा खेळ लावून द्या. आमच्या भाचीने एका तासात मला हरवलं.

भिंतीलगत उंचावर धर्मगुरूने उभं राहून प्रवचन करण्याचं कोरीव पीठ आहे. त्याच्या कठड्यावर येशू, ते चौघे लेखक आणि धर्मशास्त्राचे चार आचार्य आहेत. सगळे प्रवासी त्यांचे फोटो काढून पुढे जातात. भाची मात्र खाली वाकली. पीठाच्या बुडाशी सात आकृत्या आहेत, सगळा भार जणू त्यांनी अंगावर घेतला आहे. "मावशी, हे तर कीचक!" ती म्हणाली. हेमाडपंती देवळांत खांबांच्या माथ्यावर छत उचलून धरलेले जे बुटके पुरुष असतात, ते कीचक. युरोपातही भार वाहणाऱ्या अशा आकृत्या करण्याची जुनी रीत आहे, तेव्हा यावरून लगेच काही सिद्ध होत नाही, असं मी तिला शहाणपणाने सांगितलं. पण गोव्यातल्या काही जुन्या चर्चमध्ये अशाच पीठांच्या तळाशी कमरेखाली सापाचं शेपूट असलेल्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. पोर्तुगीज पाद्रीने त्यांना समुद्रातल्या मत्स्यकन्या म्हटलं असेल. कोरणाऱ्याला त्या कोण वाटत असतील, हे नागपंचमी करणाऱ्या घरातल्या माणसाला विचारायला नको.

उजव्या बाजूच्या दालनात फ्रान्सिस झेवियरची समाधी. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तो वारला, आणि १५५४ मध्ये त्याचं शव गोव्यात आणलं गेलं. ख्रिस्ती असो की हिंदू, गोव्यात पुष्कळ लोक त्याला गोंयचो सायब म्हणतात. इथे मी नेहमी जास्त वेळ उभी राहते, आणि ते भक्तीमुळे नाही. या एका समाधीत दोन गावांची कारागिरी एकमेकींवर ठेवलेली आहे.

खालचा चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सचा. तिथला ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याला झेवियरच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली होती, तिची परतफेड म्हणून त्याने हा चौथरा पाठवला. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने तो घडवला. रंगीत संगमरवर, चारही बाजूंना ब्राँझच्या पट्ट्यांवर झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग. सुटे भाग जहाजाने गोव्याला आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले गेले. जोडणीसाठी फ्लॉरेन्सहून माणूस आला होता. त्याचं नाव प्लाचिदो राम्पोनी. हे नाव आपल्याला कळतं, कारण त्याने प्रवासाची दैनंदिनी लिहून ठेवली.

वरची चांदीची पेटी मात्र गोव्याची. ती या चौथऱ्याच्या साठ वर्षं आधीची, १६३६-३७ मधली. मार्चेल्लो मास्त्रिल्ली नावाच्या इटालियन जेझुइटाच्या देखरेखीखाली गोव्यातल्या सोनारांनी ती केली. (मास्त्रिल्ली त्याच वर्षी जपानला गेला आणि तिथे त्याला मृत्युदंड झाला.) पेटीच्या अंगावर झेवियरच्या चरित्रातले बत्तीस प्रसंग चांदीत ठोकून उठवले आहेत. एकेक प्रसंग तळहाताच्या हिशोबाचा, त्यात माणसं, जहाजं, लाटा. पण पेटी इतक्या उंचावर आहे की खालून काही म्हणजे काही दिसत नाही. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शनाचा सोहळा होतो तेव्हा ती खाली उतरवतात. अगदी अलीकडचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असा झाला. एरवी गळ्यात दुर्बीण घालून जावं. मी थट्टा करत नाही, पक्षी बघायची साधी दुर्बीणही पुरते.

भाचीने तिथेच तो प्रश्न विचारला. "खालच्याचं नाव माहीत आहे. जोडणाऱ्याचंसुद्धा माहीत आहे. वरचं ज्यांनी केलं त्यांची नावं?"

इथे फळ्यावर तरी ती नाहीत. 'गोव्यातले सोनार' एवढंच.

बाहेर येऊन आम्ही झाडाखाली बसलो आणि मी तिला मनाईची गोष्ट सांगितली. १५४० च्या दशकातच पोर्तुगालच्या राजापर्यंत तक्रार गेली होती की गोव्यातले हिंदू चित्रकार येशू-मारियेची चित्रं काढतात आणि दारोदार विकतात, हे थांबवा. १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली, तिने ख्रिस्तीतर कारागिरांनी चर्चच्या मूर्ती, चित्रं, क्रूस घडवू नयेत असा ठराव केला. साल बघा. साष्टीतली देवळं पडली त्याच काळातलं हे. सात वर्षांपूर्वीच गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. म्हणजे एका हाताने देऊळ पाडलं जात होतं आणि दुसरीकडे त्याच देवळांच्या कारागिरांना सांगावं लागत होतं की आमच्या मूर्ती करू नका. सांगावं लागत होतं याचा अर्थ ते करत होते. कोणाकडून तरी काम मिळत होतं म्हणूनच करत होते. लिस्बनहून येऊन येऊन सुतार किती येणार? इतकी चर्चं, इतके आल्तार, हे सगळं लाकूड इथल्याच किकऱ्यांखालून गेलं असणार. काही कारागीर पुढे ख्रिस्ती झाले, काही नाही झाले. त्यांपैकी कोणी पोटासाठी, कोणी भीतीने, कोणी खरोखर श्रद्धेने काम केलं असेल. लाकडावरून ते कळत नाही.

मला मात्र एक गोष्ट बोचते आणि ती मी भाचीपासून लपवली नाही. ज्यांच्या हातून हे सुंदर काम झालं, त्यांच्या आजोबांनी कदाचित वेर्ण्याच्या देवीचं मखर केलं असेल. आल्तार बघून मन भरून येतं, आणि आईची गोष्टही खरीच आहे. या दोन्हींची बेरीज मला अजून जमलेली नाही.

दुपारी रस्ता ओलांडून पलीकडच्या आवारात गेलो. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं आजचं चर्च १६६१ मधलं, पण आधीच्या चर्चचा काळ्या दगडाचा कोरीव दरवाजा त्यांनी तसाच ठेवला. आत पायाखाली थडग्यांच्या शिळा, सरदार घराण्यांच्या ढालींसकट. आपण चुकून कोणाच्या तरी छातीवर उभे असतो. मुख्य वेदीवर फ्रान्सिस आणि क्रूसावरचा येशू, खाली त्या संताच्या तीन व्रतांची नावं: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. एवढ्या सोन्याखाली दारिद्र्य हा शब्द वाचताना भाचीने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. वेदीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर फ्रान्सिसच्या चरित्राची चित्रं लाकडी फळ्यांवर रंगवलेली आहेत. रंग काळवंडले आहेत, पण थोडं थांबलं तर माणसं हळूहळू वर येतात. मला त्या चित्रांपेक्षा दालनांमधल्या भिंतींवरची फुलं जास्त आवडतात. वेलबुट्टीच वेलबुट्टी, जागा शिल्लक न ठेवता. संत कसा काढायचा याचा नमुना युरोपातून आलेला असायचा. फुलांपाशी चित्रकाराला कोणी फार टोकत नसावं, असं मला तिथे उभं राहिलं की वाटतं.

शेजारच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांच्या तसबिरींची रांग आहे. तो धर्माचा विषय नव्हे, तरी थांबा. ही मालिका १५४७ च्या सुमारास जुआंव द कास्त्रोने सुरू करवली. रेखाटनं केली गास्पर कोरैया या इतिहासकाराने, आणि त्यानेच लिहून ठेवलं आहे की रंगवण्याचं काम इथल्याच एका चित्रकाराने केलं, उपजत हाताचा माणूस होता, चेहरे हुबेहूब उतरवले. कौतुक केलं, नाव नाही लिहिलं. भाची म्हणाली, "एवढं लिहिलंस तर नाव लिहायला काय झालं होतं रे तुला?" चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला इतक्या हक्काने रागावलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

से कॅथेड्रल आम्ही घाईने केलं, ते बरोबर नाही. संत कॅथरीनच्या सणादिवशी, २५ नोव्हेंबर १५१० ला आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला, म्हणून हे चर्च तिच्या नावाचं. मागची सोनेरी भिंत म्हणजे तिचं चरित्रच आहे, एकेका चौकटीत एकेक प्रसंग. मघाशी सांगितलेलं चाक इथे शोधा.

आम्हाला टेकडीवर सांता मोनिकाच्या मठात जायचं होतं. तिथल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयाची सुरुवात १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत झाली आणि २००२ मध्ये ते इथे आलं. चर्चमध्ये जे उंचावर आणि लांब असतं, ते इथे नाकासमोर येतं. त्यातही हस्तिदंती मूर्ती. गोव्यात सतराव्या शतकात एक खास प्रकार घडला, मेंढपाळ बाळ येशू. बाळ डोंगराच्या माथ्यावर बसलेलं आहे, गालाला हात लावून झोपी गेलेलं. मांडीवर कोकरू, खांद्यावर कोकरू, कमरेला भोपळ्याची पाण्याची तुंबी. खाली झरा, पाणी पिणारी मेंढरं, आणि अगदी तळाशी गुहेत मारिया माग्दालेना. झोपलेला असा बाळ-मेंढपाळ म्हटलं की अभ्यासक गोव्याकडे बोट दाखवतात. मिटलेल्या डोळ्यांत काहींना बुद्ध दिसतो. आपल्याला काय दिसेल ते मी सांगायला नको, गाई-वासरं नसली म्हणून काय झालं. भाचीने वही काढली आणि पाऊण तास चित्र काढलं. मी बाकावर बसून राहिले.

तिथे मला थॉमस स्टीफन्सची आठवण झाली. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, आयुष्याची चाळीस वर्षं साष्टीत राहिला आणि बायबलची कथा त्याने मराठी ओव्यांत लिहिली, सुमारे अकरा हजार ओव्या. ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं गेली होती आणि ऐकायला काहीतरी हवंच होतं. म्हणजे या मूर्तींसमोर बसून इथल्या माणसांनी येशूच्या जन्माची गोष्ट आपल्या ओवीत ऐकली असेल. आपल्या शाळेत ज्ञानेश्वरीनंतर या पुस्तकाचं नाव कधी येतं का हो? आमच्या वेळी तरी एका ओळीत संपलं होतं.

रात्री म्हार्दोळला पोचलो. जेवणं झाली, आणि वही ओटीवर राहिली. ती आईच्या हाती लागली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर चष्मा लावून ती पान बघत होती.

"बाळकृष्ण काढलास?" तिने नातीला विचारलं.

नात खोटं बोलत नाही, ही बडोद्याची सवय. तिने सगळं सांगितलं. कुठे गेलो, कुठलं चर्च, कोणाचं बाळ. मी भांडं पुसत उभी राहिले.

आई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हात जोडलेस थंय?"

"नाही आजी. मी बघत होते, कसं कोरलंय ते."

"कोणी कोरलं?"

"इथल्याच कोणीतरी. नाव नाही लिहिलेलं."

आईने पान दिव्याकडे तिरकं धरलं. बोटाने त्या झोपलेल्या बाळाचं कपाळ पुसल्यासारखं केलं. "तीट लावायची राहिली," ती म्हणाली, आणि वही मिटून तिच्या हातात दिली.